वणव्याच्या अर्धा तास पुढे

डॉ. शैलजा पांगरेकर यांची आणि माझी पहिली भेट झाली, तेव्हा मी त्यांच्यावर गवतचोरीचा गुन्हा नोंदवायला निघालो होतो. गौरवग्रंथातल्या लेखाला अशी सुरुवात शोभत नाही, हे मला समजतं. संपादक मंडळाला पटत नसेल तर त्यांनी हा परिच्छेद खुशाल गाळावा. पण मी नोकरीभर पंचनामे लिहिलेला माणूस आहे आणि पंचनाम्यात जे घडलं तेच लिहायचं असतं.

तेव्हा मी वनरक्षक होतो आणि बीडजवळच्या पालीच्या बाजूचे डोंगर माझ्याकडे होते. उन्हाळा तोंडावर आला होता. तिथल्या धरणाच्या वरच्या अंगाला फिरती करताना एक बाई दिसल्या. सुती साडी, पायात कापडी बूट, डोक्याला पंचा. जमिनीवर चार खुंट्या ठोकून त्यांनी सुतळीचा चौकोन आखला होता आणि त्या चौकोनातलं गवत विळ्याने अगदी बुडापासून कापणं चाललं होतं. मी लांबूनच आवाज चढवला, "ओ बाई, गवत कापायला बंदी हाय इथं. कुण्या गावच्या तुमी?" त्या दचकल्या नाहीत. पिशवीतून रद्दीवाल्याकडे असतो तसला आकड्याचा काटा काढला, गवताची पेंढी त्याला अडकवली, वजन बघितलं आणि म्हणाल्या, "दिंद्रुडची. गुन्हा लिहिताय ना? मग वजनही लिहा, आणि गवत कडकडीत वाळलेलं होतं तेही लिहा. मला दोन्ही लागणार आहे."

दिंद्रुड हे मॅडमचं माहेर. बीडच्या एका महाविद्यालयात त्या भूगोल शिकवत होत्या. भूगोल म्हणजे नद्या निळ्या आणि डोंगर तपकिरी रंगवायचे, एवढीच माझी समजूत. गवत कशाला मोजता, असं विचारलं तर म्हणाल्या, "आगीला खायला किती आहे ते कळल्याशिवाय ती किती पळेल हे कसं सांगणार?" मला वाटलं, उन्हाने बाईंचं डोकं फिरलंय. गुन्हा मात्र नोंदवला नाही. उलट त्यांचे उरलेले सहा चौकोन कापायला मीच विळा धरला आणि त्या दिवसापासून आजतागायत तो हातातून सुटलेला नाही.

आमच्या बालाघाटाच्या डोंगरांवर मोठाली झाडं कमी आणि कुसळी गवत जास्त. जंगल पेटलं की दिवस दिवस धुमसतं, तसं इथं होत नाही. इथला वणवा पळतो. तो पेटल्याचा फोन यायचा, मग आम्ही चारजण झाडाच्या ओल्या फांद्या घेऊन धावायचो आणि पोचेपर्यंत आग पुढच्या टेकडीवर गेलेली असायची. आम्ही काळ्या झालेल्या जमिनीवर उभे राहून धाप टाकायचो. वरिष्ठांना कळवायचो की आग आटोक्यात आली. खरं सांगायचं तर गवत संपल्यामुळे ती आपली आपण विझलेली असायची.

मॅडमनी या मागून धावण्याला हात घातला. महाविद्यालयातल्या अडगळीच्या खोलीत दोन संगणक मांडून त्यांनी आमच्या डोंगराचे बारीक बारीक चौकोन पाडले. प्रत्येक चौकोनाला चार गोष्टी सांगायच्या. गवत किती, ते किती वाळलेलं, उतार कसा, वारं कुठून. उपग्रहाच्या चित्रावरून काही कळायचं, काही पायी फिरून. मग एका चौकोनात काडी लावली की आग शेजारच्या चौकोनात कधी जाईल, तिथून पुढे कधी जाईल, याचं गणित संगणक मांडायचा. पहिल्या दहा मिनिटांत आग जिथवर जाईल ते पिवळं, पुढच्या दहा मिनिटांतलं नारिंगी, त्यापुढचं लाल. नकाशावर अर्धा तास पुढचा वणवा आधीच दिसायचा. ते पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मी तोंडात बोटं घातली. मॅडमना कौतुकाची घाई नव्हती. "खरं निघालं तर म्हणा," एवढंच म्हणाल्या.

त्यांची शिस्त मोठी कडक. संगणकावरचा उतार पायाला लागला पाहिजे, हा त्यांचा हट्ट. त्यामुळे माझ्या भागातली एकही टेकडी त्यांनी चढायची ठेवली नाही. मी मोघम बोललो तर त्यांना खपायचं नाही. "वारं लई होतं" असं म्हटलं की विचारायच्या, "लई म्हणजे किती? डोक्यावरची टोपी उडाली की नुसती हलली?" शेवटी त्यांनी एका वस्तीवरच्या शाळेच्या छपरावर वारं मोजायचं यंत्र बसवून घेतलं आणि माझ्या टोपीची सुटका झाली. जेवणाच्या बाबतीतही तेच. डब्यात शेंगदाण्याची चटणी आणि भाकऱ्या नेहमी पाच-सहा माणसांच्या. माझ्याबरोबरचे हंगामी मजूर जेवल्याशिवाय आपण घास घ्यायचा नाही, हा नियम. एकच गोष्ट त्यांच्या शिस्तीत बसत नाही, ती म्हणजे त्यांचं स्कूटर चालवणं. त्याबद्दल या ग्रंथात इतर कुणी लिहिलं नसेल तर ते भीतीपोटी लिहिलेलं नाही, एवढी नोंद मी करून ठेवतो.

आता मॅडमच्या चुकीबद्दल लिहितो. गौरवग्रंथात चूक लिहू नये, असं मला एका प्राध्यापकांनी सुचवलं. पण ती चूक वगळली तर मॅडम कोण आहेत हेच सांगायचं राहून जाईल.

मी वनपाल झालो त्याच्या दुसऱ्या वर्षी घोडमाळ पेटला. या माळाच्या पायथ्याशी हिवरवस्ती म्हणून पंधरा-वीस घरांची वस्ती आहे. नकाशा सांगत होता की आग पायथ्याच्या शेतांपाशी थांबेल, कारण शेतं नांगरलेली आहेत. मी त्या भरवशावर सगळी माणसं दुसऱ्या अंगाला नेली. आग शेतांपाशी आली आणि थांबली नाही. ती सरळ शेतांतून पळत वस्तीला भिडली. वस्तीतल्या दगडू आबांचा गोठा आणि कडब्याची गंजी गेली, म्हैस पाठीवर भाजली. माणसं वाचली ती नशिबाने.

झालं होतं असं. त्या साली पाऊस लवकर गेला, म्हणून वस्तीतली जोडपी ऊसतोडीला दरवर्षीपेक्षा आधी निघून गेली. रानं नांगरायची राहिली आणि त्यांत कमरेएवढं तण वाळून उभं होतं. कागदोपत्री मात्र ती पिकाखालची जमीन होती आणि मॅडमनी कागद धरून नकाशा केला होता. डोंगर त्यांनी पायी बघितला होता, रानं बघितली नव्हती.

दुसऱ्या दिवशी सकाळी मॅडम हिवरवस्तीवर आल्या. मी म्हणालो होतो, येऊ नका, लोक चिडलेत. त्या आल्या आणि शाळेच्या ओट्यावर सगळ्यांसमोर उभ्या राहून म्हणाल्या, "माझ्या नकाशात तुमची रानं नांगरलेली होती. मी ती डोळ्यांनी बघितली नाहीत. वनपालांनी माझं ऐकलं. चूक त्यांची नाही, माझी आहे." दगडू आबा म्हणजे सत्तरी ओलांडलेला, फटकळ माणूस. ते आता काय बोलतात म्हणून माझी पाचावर धारण बसली. आबा म्हणाले, "बाई, आमच्या वस्तीवर आजवर माणसं आलती ती फोटो काढाया. माझं चुकलं म्हणाया तुमीच पहिल्या आलात. आता म्हशीकडं बघा, लई वरडाया लागलीय."

मॅडमनी म्हशीकडे बघितलं. गुरांचे डॉक्टर स्वतः जाऊन घेऊन आल्या आणि पुढे महिनाभर दर रविवारी मलम लावायला हजर राहिल्या. माहेरी, दिंद्रुडला, भावाला सांगून टेम्पोभर कडबा आबांच्या दारात उतरवला. यातलं काहीही त्यांनी स्वतः कुणाला सांगितलेलं नाही. मी सांगतोय म्हणून त्या माझ्यावर रागावणार आहेत, हेही मला ठाऊक आहे.

त्या रविवारच्या फेऱ्यांतच त्यांना सोनाबाई भेटली. सोनाबाई ही वस्तीवरची एक वयस्कर बाई. मुलगा विष्णू आणि सून दरसाल तोडीला जातात आणि दोन नातवंडं तिच्यापाशी ठेवतात. हिवरवस्तीची रीत अशी की तोडीला जाणारं प्रत्येक घर निघताना आपली किल्ली सोनाबाईच्या हवाली करतं. दारामागच्या खुंटीवर सुतळीत ओवलेल्या किल्ल्या, आणि तिला वाचता येत नाही म्हणून प्रत्येक किल्लीला वेगळ्या रंगाची चिंधी. मॅडमनी सहज विचारलं, ही हिरवी कुणाची? सोनाबाई सुरू झाली. "ही शंकरची. दसऱ्यानंतर आठ दिसांनी गेलाय. रान न्हाई नांगरलं. मागं म्हातारा हाय, त्याला डोळ्याला दिसत न्हाई. ही पिवळी धोंडीबाची. रान नांगरून गेलाय. दोन पोरं माझ्याकडंच जेवत्यात." अशा तिने सगळ्या किल्ल्या सांगितल्या. मॅडम वही काढून लिहीत होत्या आणि लिहिता लिहिता त्यांचे डोळे भरून आले. मला म्हणाल्या, "मी उपग्रहाला विचारत बसले. विचारायचं होतं यांना."

पुढच्या दिवाळीनंतर आम्ही वस्तीवस्तीवर जाऊन एकच प्रश्न विचारत हिंडलो, "किल्ल्या कुणाकडं असत्यात?" कुठे म्हातारी, कुठे दुकानदार, कुठे शाळेतल्या बाई. प्रत्येक वस्तीवर कुणीतरी असतंच. कोणतं घर बंद, कोणतं रान नांगरायचं राहिलं, मागे कोण उरलंय, त्यातलं कुणाला चालता येत नाही, हे सगळं मॅडमच्या नकाशावर आलं. संगणकात त्या माहितीला त्यांनी नाव दिलं, "किल्ल्या". आणि तेव्हापासून त्यांच्या प्रत्येक नकाशाच्या खालच्या कोपऱ्यात एक चौकट असते. तिचं शीर्षक, "या नकाशाला काय माहीत नाही." बाहेरून आलेले मोठे अधिकारी ती चौकट बघून नाक मुरडायचे. मॅडमनी ती काढली नाही.

या सगळ्याचा कस लागला तो दोन वर्षांनी, पुन्हा घोडमाळावरच.

दुपारचे तीन वाजले होते. माळाच्या पलीकडून आग चढत आली. माझ्याकडे चार वनरक्षक, पाण्याचा एक टँकर आणि दोन जीप. हिवरवस्तीवर एकोणीस माणसं, सगळी म्हातारी आणि लहान लेकरं. हातीपायी धड असलेले सगळे तोडीला गेलेले. वस्तीतून बाहेर पडायला एकच रस्ता, तो खिंडीतून जातो. वरिष्ठ साहेबांचा फोन आला, "दोन्ही जीप लावा आणि सगळ्यांना खिंडीपलीकडे काढा." त्यांचं चुकलं असं मी म्हणणार नाही. त्यांच्या जागी मी असतो तर हेच सांगितलं असतं.

मी मॅडमना फोन लावला. त्या संगणकासमोर बसलेल्या होत्या. म्हणाल्या, "तुमच्या गाड्यांना दोन खेपा लागतील. पहिली खेप पार होईल. दुसरी खिंडीत सापडेल. चारच्या आधी वारं फिरणार आहे आणि आग उताराने खिंडीत शिरणार आहे. कुणालाच नेऊ नका, पहिल्या खेपेबरोबर गेलेली तुमची माणसं परत येऊ शकणार नाहीत आणि ती वस्तीवर लागतील. दगडू आबांचं रान आणि त्याच्या दोन्ही बाजूंची रानं नांगरलेली आहेत, सगळ्यांना तिथे मधोमध बसवा."

"मॅडम, नक्की?" मी विचारलं. मागच्या वेळचा जळका गोठा माझ्या डोळ्यांपुढे होता.

"खिंडीचं नक्की आहे," त्या म्हणाल्या. "रानांची नोंद दिवाळीतली आहे. ती आजही खरी आहे का, हे मला माहीत नाही. सोनाबाईंना विचारा."

मी विचारलं. सोनाबाई म्हणाली, "तिन्ही रानं माझ्या देखत नांगरलीत सायेब. ढेकळं हायेत नुसती, काडी न्हाई."

जीपची इंजिनं सुरू होती. एका बाजूला साहेबांचा हुकूम आणि दुसऱ्या बाजूला एकदा चुकलेला नकाशा. पहिल्या खेपेत कुणाला घ्यायचं आणि दुसरीला कुणाला ठेवायचं, हे मला ठरवायचं होतं, आणि ते ठरवता येत नव्हतं. तेवढ्यात दगडू आबा काठी टेकत पुढे आले. म्हणाले, "बाई काय म्हणत्यात?" मी सांगितलं. आबा वळले आणि आपल्या रानाकडे चालू लागले. जाता जाता म्हणाले, "माझा गोठा जळाला तवा त्या चूक म्हणून सांगाया आलत्या. आज थांबा म्हणत्यात, तर थांबायचं. उचला लेकरं." त्यांच्या मागे सगळी वस्ती निघाली. शंकरच्या आंधळ्या बापाला मी पाठुंगळी घेतलं.

रानाच्या मधोमध गोधड्या भिजवून सगळ्यांच्या अंगावर टाकल्या. टँकर शेजारी उभा केला. वनरक्षकांनी रानाच्या कडेचं उरलेलं गवत आपणच आधी जाळून काढलं. चारला काही मिनिटं कमी असताना वारं फिरलं. आगीने अंग वळवलं आणि ती घोड्यासारखी उताराने खिंडीत घुसली. जिथे माझ्या दोन्ही जीप दुसऱ्या खेपेला असत्या, तो रस्ता आमच्या डोळ्यांदेखत धुरात आणि जाळात बुडाला. मग आग वस्तीच्या बाजूला आली, नांगरटीपर्यंत पोचली, दोन्ही अंगांनी आम्हाला वळसा घालून निघून गेली. धूर विरल्यावर मी माणसं मोजली. एकोणीस. पुन्हा मोजली. एकोणीसच. फोनवर मॅडम होत्या, त्यांनी फोन ठेवलाच नव्हता. मी ओरडून सांगितलं, "सगळी हायेत मॅडम! एकोणीसच्या एकोणीस!" मग त्या म्हणाल्या, "लेकरांना पाणी द्या. आणि वारं किती वाजता फिरलं ते लिहून ठेवा."

साहेब संध्याकाळी आले. त्यांनी खिंड बघितली, जळून काळे पडलेले मैलाचे दगड बघितले, आणि मला एका शब्दानेही दुखावलं नाही. पुढच्याच आठवड्यात ते स्वतः मॅडमच्या खोलीत जाऊन बसले. आज जिल्ह्यात कुठेही माळ पेटला तरी पहिला फोन त्या खोलीत जातो आणि माणसं कुठे न्यायची, टँकर कुठे लावायचा, हे नकाशा बघून ठरतं. परजिल्ह्यांतले अधिकारी तो नकाशा शिकायला येतात. ते आले की मॅडम त्यांना आधी खालच्या कोपऱ्यातली चौकट वाचायला लावतात. आता कुणी नाक मुरडत नाही. आम्ही आगीच्या मागे धावणारी माणसं होतो. मॅडमनी आम्हाला तिच्या पुढे नेऊन उभं केलं. माझ्यासारख्या साध्या वनपालाच्या नोकरीत याहून मोठा विजय दुसरा नाही, आणि तो मी छाती पुढे काढून सांगतो.

त्या साली तोडीचा हंगाम संपला आणि हिवरवस्तीची जोडपी परतली. तिसऱ्या दिवशी विष्णू, सोनाबाईचा मुलगा, माझा शोध घेत कचेरीत आला. मला वाटलं, काही अर्जबिर्ज असेल. तो म्हणाला, "सायेब, त्यो नकाशा दावता का?" मी भिंतीवरचा दाखवला. आग कुठून आली, खिंड कुठली, सगळं सांगू लागलो. त्याने मला थांबवलं. "ते ऱ्हाऊ द्या. माझी आय आन् लेकरं कुठं बसली व्हती, तेवढं दावा." मी दगडू आबांच्या रानावर बोट ठेवलं. त्याने आपलं बोट तिथे टेकवलं. उसाच्या पाल्याने चिरलेलं, कोयत्याने घट्टे पडलेलं ते बोट होतं. मग त्याने विचारलं, "बाईचं वय काय आसंल?" मी म्हटलं, "साठीला आल्या." त्याचा चेहरा एकदम काळजीचा झाला. म्हणाला, "त्यांना सांगा, तब्येत संभाळा म्हणावं. औषधपाणी येळच्या येळी घ्या. आमाला आजून लई वर्सं जावं लागणार हाय, सायेब. आमी मागं ठिवून जातो ती माणसं त्यांच्या ध्यानात असत्यात, म्हणून आमचा तिकडं कोयता चालतो."

मॅडम, तुम्हाला साठ वर्षं पूर्ण होत आहेत. या ग्रंथात विद्वान मंडळी तुम्हाला दीर्घायुष्य चिंततील आणि ते मनापासूनच असेल. मला तेवढं सुरेख लिहिता येत नाही. विष्णूचा निरोप तुमच्यापर्यंत पोचवायचा राहिला होता, तो आज लेखी पोचवतो. तब्येत सांभाळा. औषधं वेळेवर घ्या. स्कूटर हळू चालवा. येत्या दिवाळीनंतर हिवरवस्तीतली माणसं पुन्हा निघतील, आणि त्यांना निर्धास्त जाता यावं म्हणून तुम्ही आम्हाला अजून खूप वर्षं हव्या आहात.